मे महिन्यात मारवाडला निघताना

नर्सी नामदेवच्या माणसाला मारवाड अगदीच परका नाही. नामदेव आणि ज्ञानेश्वर तीर्थयात्रेत असताना बिकानेरजवळच्या कोलायतला तहानेने व्याकूळ झाले आणि नामदेवांच्या धाव्याने विहीर भरून वाहिली, अशी कथा आपल्याकडे सांगतात. वाळवंटाच्या सहलीची आखणीही पाण्यापासूनच करावी.

जैसलमेरचा खरा हंगाम ऑक्टोबर ते मार्च. पण मुलांना सुटी मे महिन्यात! हिंगोलीच्या उन्हाची सवय आहे म्हणून निर्धास्त राहू नका. वाटेवरच्या फलोदीत १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदले गेले. तिथल्या कोरड्या हवेत घाम येताच वाळतो. अंग ओले होत नाही, म्हणून पाणी किती गेले ते कळत नाही. तहान लागायची वाट न पाहता मुलांना, वडीलधाऱ्यांना पाणी, ताक, मीठ-साखरेचे लिंबूपाणी देत राहा.

सोनार किल्ला सकाळी दहाच्या आत पाहावा. दुपार खोलीतच काढावी. मे महिन्यात तिथे सूर्य आपल्यापेक्षा अर्ध्या तासाहून अधिक उशिरा मावळतो. त्यामुळे चाळीसेक किलोमीटरवरच्या समच्या वाळूच्या टेकड्यांसाठी संध्याकाळ पुरते. तापलेली वाळू निवतेही लवकर. तंबूत मुक्काम करायचा असेल तर तो उन्हाळ्यात सुरू आहे का, हे आधी फोन करून विचारा.

कोणाचे अंग तापले, बोलणे बरळल्यासारखे झाले, तर लगेच सावलीत न्या, अंग ओले करून वारा घाला आणि दवाखाना गाठा. जैसलमेर ११५६ सालापासून उभे आहे. राहिलेले पुढच्या हिवाळ्यात पाहता येईल.