सही करण्याआधी तीन प्रश्न
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



पिकाचा फोटो काढून त्याचे दुखणे सांगणारा कॅमेरा आता शेतावर येऊ लागला आहे. त्याला भिण्याचे कारण नाही. पण तो काय पाहतो हे कळल्याखेरीज त्याच्या निकालावर अंगठा देऊ नये, एवढेच आम्हाला सांगायचे आहे.

हिरवे पान लाल उजेड खाते आणि डोळ्याला न दिसणारा अवरक्त उजेड परत फेकते. पिकाला ताण पडला की हा हिशेब बिघडतो, पुष्कळदा आपल्या डोळ्याला दिसण्याआधी. साधा कॅमेरा तीनच रंग मोजतो. वर्णपट कॅमेरा उजेडाच्या अनेक पट्ट्या वेगवेगळ्या मोजतो. त्याची जुनी रीत झेरॉक्ससारखी, एकेक ओळ टिपण्याची. वाऱ्याने ड्रोन हलला, कपाशीचे पान डोलले, की ओळी जुळत नाहीत. म्हणून एका क्लिकमध्ये सगळ्या पट्ट्या टिपणारे, मुठीत मावणारे कॅमेरे बनवले गेले.

पण फुकट काहीच मिळत नाही. वीस एकर सोळा भावांत वाटले तर वाट्याला सव्वा एकर येते. तसेच, २० लाख ठिपक्यांच्या कॅमेऱ्यावर १६ पट्ट्यांची जाळी बसवली की एका पट्टीला सव्वा लाख ठिपके उरतात. रंग वाढले, बारकावा गेला.

दुसरी रीत अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवली. लोलक आणि छिद्रांचा पडदा लावून सगळे रंग एकाच चित्रात मिसळायचे आणि मागाहून संगणकाने वेगळे काढायचे. इथे मोजलेले थोडे, काढायचे जास्त. मधली जागा गणित अंदाजाने भरते.

आता हे आपल्या दारात कसे येते ते पाहा. पीक विमा योजनेत २०२३ च्या खरिपापासून भाताचे उत्पन्न ठरवताना पीक कापणी प्रयोगाच्या जोडीला उपग्रहाची मोजणी धरली जाऊ लागली. उद्या कपाशी-ज्वारीवर ड्रोनचा कॅमेरा आला, तर तीन प्रश्न विचारा.

एक, एका ठिपक्यात किती जमीन बसते? पान आणि ओळींमधली काळी माती एकाच ठिपक्यात आली, तर निरोगी झाडही आजारी दिसेल.

दोन, उडण्याआधी आणि ढग आल्यावर पांढऱ्या फळीवर माप जुळवले का?

तीन, शेतात उतरून झाडे, बोंडे, कणसे मोजून ताळा घेतला का?

उत्तरे पंचनाम्यावर लिहून घ्या. लिहून मिळाली नाहीत, तर सही करू नका.