शोधयादीत पहिला कोण?

नागझिरा अभयारण्यातल्या सफारीची माहिती मोबाइलवर शोधली, की आपण वरची दोन-तीन नावंच उघडतो. दुसऱ्या पानापर्यंत जातो कोण? म्हणूनच हा क्रम कोर्टकचेरीपर्यंत पोहोचला. लग्न जुळवणारी मॅट्रिमनी डॉट कॉम आणि ‘कट्स’ ही ग्राहक संघटना यांनी भारतीय स्पर्धा आयोगाकडे गूगलविरुद्ध तक्रार केली. 8 फेब्रुवारी 2018 रोजी आयोगानं 135.86 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कारणं ऐकण्यासारखी आहेत. विमानप्रवास शोधला, की गूगल स्वतःचीच चौकट ठळक जागी मांडत होतं. 2010 पर्यंत तर काही शोधनिकाल पहिल्या, चौथ्या, दहाव्या अशा ठरावीक जागीच बसवले जात. ते उपयोगी किती, हा प्रश्नच नव्हता! अर्थात, सगळे आरोप टिकले नाहीत, दोन सदस्यांचं मतही वेगळं पडलं आणि गूगल अपिलात गेलं. युरोपात अशाच प्रकरणातला 2.42 अब्ज युरोंचा दंड 2024 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं कायम केला.

तेव्हा सफारीचे पैसे भरण्याआधी त्या नावाशेजारी ‘प्रायोजित’ असं लिहिलंय का, तेवढं बघा. ती जागा पैसे मोजून घेतलेली असते. वन विभागाचं संकेतस्थळ तिच्याखालीही असू शकतं.