गोळीचं नाव लिहून ठेवा

द्राक्षाच्या छाटणीत ताप आला, की मजुरी बुडू नये म्हणून आपण मेडिकलमधून दोन गोळ्या आणतो. आमच्या गटातल्या एका ताईनंही तेच केलं. अंगभर गांधी उठल्या. डॉक्टरांनी विचारलं, कोणती गोळी? ताई म्हणाली, "पांढरी, लांबट." पाकीट चुलीत गेलेलं. आता पुढच्या वेळी कोणती टाळायची?

अँटिबायोटिक औषधं जीव वाचवतात. १९५४ साली आपल्या पिंपरीत पेनिसिलिनसाठी सरकारी कंपनी निघाली, ती त्याचसाठी. पण एखादीचं शरीर त्याच औषधाला वैरी समजतं. काही मिनिटांत, तासाभरात खाज सुटते, ओठ-जीभ सुजते, दम लागतो, चक्कर येते. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा. बाईला आडवं निजवून पाय उंच ठेवा. दम लागत असेल तर टेकून बसवा. दवाखान्यात मांडीत अॅड्रेनालिनचं इंजेक्शन देतात, त्यानं जीव वाचतो.

याचा मूत्रपिंडाशी काय संबंध? रक्तदाब एकदम पडला, की मूत्रपिंडाला रक्त पुरत नाही. दुसरा धोका सावकाश येतो. पेनिसिलिनच्या जातीची किंवा सल्फाची गोळी सुरू केल्यावर काही दिवसांनी, आठवड्यांनीही मूत्रपिंडाला आतून सूज येऊ शकते. लघवी कमी होते, पाय-तोंड सुजतं, ताप किंवा पुरळ येतं. कधी काहीच दिसत नाही. रक्तातलं क्रिएटिनिन तपासलं की कळतं. वेळेत ते औषध थांबवलं, तर मूत्रपिंड बहुतेक वेळा सावरतं. उशीर झाला, तर कायमचं नुकसान होऊ शकतं.

म्हणून आमच्या गटानं तीन गोष्टी ठरवल्या. पाकिटावर लाल उभी रेघ असेल, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय गोळी घ्यायची नाही. गोळ्या संपेपर्यंत पाकीट जपायचं. आणि ज्या औषधानं त्रास झाला, त्याच्या आतल्या घटकाचं नाव आशाताईंकडून वहीत लिहून घ्यायचं. कंपनी बदलली की वरचं नाव बदलतं, आतलं औषध तेच राहतं. अमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्याच घरातलं, हेही ध्यानात ठेवा.

नुसती मळमळ म्हणजे अॅलर्जी नव्हे; डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध अर्धवट सोडू नका. पण दवाखाना कोणताही असो, सुई टोचण्याआधी आपणच सांगायचं: मला या औषधाचा त्रास होतो.

आज घरी गेल्यावर वही काढा, मैत्रिणींनो.