अस्तराचा हात



पिवळा रंग डबीत पाहावा तर पिवळाधमक. तोच काळ्या वस्तूवर लावावा तर शेवाळासारखा हिरवट आणि मळकट. रंग खोटा म्हणून आपण दुकानदाराला बोल लावतो. पण बहुतेक वेळा रंग खरा असतो. मग चूक कुठे होते? आज त्याविषयीच चार शब्द बोलणार आहे.

माझा भाचा रोह्यास असतो, सातवीत शिकतो. सुटे भाग जोडून करावयाची एक लहानशी प्लॅस्टिकची मोटार त्याला कुणी भेट दिली होती. भाग सगळे काळेकुट्ट. शाळेत मुलांनी केलेल्या वस्तूंचे प्रदर्शन भरणार होते, आणि याच्या मनात मोटार पिवळी करावी असे. त्याने एक हात दिला; काळे दिसले. दुसरा दिला, हिरवट दिसले. मग चिडून त्याने जाडजूड तिसरा दिला. रंगाचे ओघळ आले, दारांच्या रेघा बुजल्या, वरून सुकलेली साय आतल्या ओल्या रंगावर सुरकुतली. मी गेलो तेव्हा स्वारी रडकुंडीला आली होती. म्हणाली, "मामा, मला रंगवता येतच नाही. फेकून देतो."

दुसऱ्या दिवशी मी त्याला गाडीत घालून पेणला नेले. गणपतीच्या मूर्तींसाठी पेणचे नाव सर्वत्र आहे. पेण शहरात, आणि हमरापूर, जोहे या गावांतून, घरोघर मूर्तींचे कारखाने आहेत. कारखाना म्हणजे धुराडे नव्हे. पडवीत, माडीवर, अंगणातल्या मांडवात फळ्यांवर ओळीने मांडलेल्या मूर्ती. आषाढाचे दिवस होते, कामाची घाई होती. तरी एका ओळखीच्या वयस्क मूर्तिकारांनी मुलाची मोटार हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि विचारले, "बाळा, अस्तर कुठंय?"

"अस्तर म्हणजे काय, काका?"

त्यांनी शाडूचे दोन मोडके हात पुढे ठेवले. शाडू वाळला तरी करडाच राहतो. एका हातावर पांढरे अस्तर दिलेले होते, दुसरा कोरा होता. त्यांनी एकाच वाटीतला पिवळा रंग एकाच कुंचल्याने दोन्हींवर ओढला. पांढऱ्यावर पितांबर झळकला. करड्यावर तोच पिवळा चिखलात पडल्यासारखा दिसला. मुलाला जे कळायचे ते तेवढ्यात कळले.

आता यामागचे शास्त्र पाहू. रंगाचा पातळ थर हा पुष्कळसा रंगीत काचेसारखा असतो. थोडा प्रकाश त्याच्यावरून परततो, पण बराचसा आत शिरून तळाशी जातो. तळ पांढरा असेल तर तो प्रकाश परत फिरतो, पुन्हा रंगातून बाहेर येतो आणि रंग उजळ दिसतो. तळ काळा असेल तर तो आत आलेला प्रकाश गिळून टाकतो. पुष्कळसे पिवळे रंग असे पारदर्शक असतात, म्हणून काळ्यावर त्यांची शोभा जाते. उजळ रंगाचा अर्धा उजेड हा त्याच्या खालच्या थराकडून उसना घेतलेला असतो, असे म्हटले तरी चालेल.

मग पांढरा रंग तरी काळे कसे झाकतो? भिंतीला चुन्याचा हात दिलेला तुम्ही पाहिला आहे. ओला असताना तो पाण्यासारखा फिका दिसतो आणि वाळता वाळता पांढराशुभ्र होतो. प्रकाश एका पदार्थातून दुसऱ्यात शिरताना किती वळतो याला वक्रीभवनांक म्हणतात. हवेचा तो १, पाण्याचा १.३३, खडूचा सुमारे १.६. या आकड्यांत अंतर जितके जास्त तितका प्रकाश अधिक विखुरतो, आणि विखुरलेला प्रकाश म्हणजेच पांढरेपणा. ओल्या खडूच्या कणांमध्ये पाणी असते. वाळल्यावर तिथे हवा शिरते, अंतर वाढते आणि खडू उजळतो. तेलाचा आकडा सुमारे १.५, म्हणून तेलात कालवलेला खडू काही झाकू शकत नाही. टायटॅनियमच्या पांढऱ्याचा आकडा मात्र २.७ च्या घरात जातो. आजच्या चांगल्या पांढऱ्या रंगांत तोच असतो, आणि काळे झाकण्यात त्याची बरोबरी करणारे फार थोडे. पूर्वी शिशाचा सफेदा वापरीत, तो विषारी. मूर्तींच्या विसर्जनाबाबत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांतही विषारी रंग टाळण्यावर भर आहे.

पण नुसते अस्तर देऊन भागत नाही. मूर्तिकारांनी आपल्याच तरुणपणची एक गोष्ट सांगितली. पाऊस उघडेना, चतुर्थी तोंडावर आलेली. त्यांनी मूर्ती पुरत्या वाळण्याआधीच अस्तर दिले आणि वर रंग चढवले. चार दिवस मूर्ती सुरेख दिसल्या. मग आतली ओल बाहेर आली, पितांबरावर डाग उमटले, पोपडे सुटले. "गिऱ्हाईक दारात उभं, न् मी मूर्ती खरवडतोय," ते म्हणाले. "त्या वर्षी मजुरीसुद्धा सुटली नाही." तेव्हापासून ते हाताची पालथी बाजू मूर्तीला लावून पाहतात. गार लागली तर आत ओल आहे, आणखी थांबायचे.

प्लॅस्टिकला ओल नसते, पण तेलकटपणा असतो. साच्यातून वस्तू सुटावी म्हणून लावलेले वंगण तिच्यावर राहते. तेव्हा क्रम असा ठेवावा. भाग साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन वाळवावेत. बारीक काचकागद हलक्या हाताने फिरवावा, म्हणजे रंगाला धरायला जागा होते. मग प्लॅस्टिकला चालणारे अस्तर द्यावे. आधी करडे, मग पांढरे. प्रत्येक हात पातळ. पहिल्या हातातून काळे दिसले तरी घाबरू नये, तसे ते दिसणारच. एक हात पुरता वाळल्यावर दुसरा. सगळे एकसारखे पांढरे झाले की मग पिवळा. दोन सावधगिरीच्या गोष्टी: कडक थिनर अशा खेळण्यांचे प्लॅस्टिक विरघळवतो, म्हणून आधी आतल्या बाजूस थेंब लावून पाहावे, आणि बादल्या, डबे ज्या प्लॅस्टिकचे होतात त्यांवर साधा रंग टिकतच नाही, सालपटासारखा निघून येतो.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. हा धडा वर्गात फळ्यावाचून शिकवता येतो. एक काळा पुठ्ठा घ्या. अर्ध्या भागावर खडूची पूड डिंकाच्या पाण्यात कालवून फासा. ओला असताना मुलांना दाखवा, वाळल्यावर पुन्हा दाखवा. मग साऱ्या पुठ्ठ्यावरून पिवळ्या रंगाचा एकच पट्टा ओढा, आणि काय झाले ते मुलांनाच सांगू द्या. तासाभरात वक्रीभवन त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहील.

भाच्याने ती मोटार खरवडली, धुतली आणि पहिल्यापासून रंगवली. आठ दिवस लागले. प्रदर्शनात तिला बक्षीस मिळाले नाही. पण तिच्याशेजारी त्याने एक काळे चाक तसेच ठेवले होते: अर्धे नुसते पिवळे, अर्धे अस्तरावरचे पिवळे. मुले मोटारीपेक्षा त्या चाकाभोवतीच अधिक जमली, आणि हे असे का, ते तो प्रत्येकाला समजावून सांगत होता.