कांद्याची मान आणि खताची वेळ



बोनसवर बोलणारा माणूस आज कांद्यावर बोलणार, याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु बाजार समितीतील हमालाच्या पाठीवर कांदाच असतो, आणि त्याच्या भाकरीबरोबरही तोच!

चाळीतला कांदा सडला की शहरात आपण शेतकऱ्याला हलगर्जी ठरवतो. खरा हिशेब निराळा आहे. कांद्याची मुळे उथळ. बहुतेक वीतभर मातीतच राहणारी. युरियातले नत्र पाण्याबरोबर वाहणारे. निफाड-चांदवडकडे माघ-फाल्गुनात अवकाळी पाऊस जोराने कोसळला, की ते नत्र मुळांच्या खाली निघून जाते. पात पिवळी पडते. शेतकरी काय करील? पुन्हा युरिया टाकतो. मेख आहे ती इथेच. लागवडीपासून साठ दिवसांच्या आत दिलेले नत्र पात वाढवते, आणि त्या पातीच्या जोरावर पुढे कांदा पोसतो. कांदा पोसू लागल्यावर दिले, तर पात हिरवीच राहते, मान जाड होते, नीट सुकत नाही. त्या ओल्या मानेतून कूज आत शिरते. एप्रिलमध्ये काढताना काहीच कळत नाही. पावसाळ्यात चाळीपाशी वास येऊ लागतो, तेव्हा कळते.

मग युरियाच का? स्वस्त म्हणून. 1992 साली सरकारने स्फुरद व पालाश खतांच्या किमतींवरचे नियंत्रण उठवले, युरियावरचे ठेवले. गरिबाचा हात स्वस्ताकडेच जाणार. त्याला व्याख्यान देणे सोपे आहे. (मीही तेच करतो आहे, म्हणा!)

गंधकाचीही तीच गत. सिंद्रीचा सरकारी कारखाना 1951 साली सुरू झाला तो अमोनियम सल्फेट काढण्यासाठी. त्यात नत्राबरोबर गंधक आपसूक मिळे. साध्या युरियात ते नाही, डीएपीतही नाही. आणि कांद्याचा तिखटपणा तर गंधकाचाच. सुपर फॉस्फेटमधून ते आजही मिळते, पण पेरणीच्या आधी गाठीला पैसा हवा.

गादीवाफ्यावर लावलेल्या कांद्यात पाणी तुंबत नाही, आणि ठिबकमधून खत थोडेथोडे देता येते. खर्च मात्र आधी करावा लागतो, आणि सडलेल्या कांद्याचा तोटाही त्याच शेतकऱ्याच्या माथी. हमालाची मजुरी वजनावर असते. उकिरड्यावर गेलेल्या कांद्याचे वजन त्याच्या हिशेबात येत नाही.