आधी जीव, मग डोळा, मग नजर

डोळ्याच्या कर्करोगावर उपचार करणाऱ्या डॉक्टरला दृष्टिपटलाचीही काळजी घ्यावी लागते. पूर्वी डोळ्याच्या आत मेलॅनोमा या कर्करोगाची गाठ झाली, की डोळा काढणे हाच ठरलेला उपाय होता. अमेरिका व कॅनडात मध्यम आकाराची गाठ असलेल्या १,३१७ रुग्णांचा अभ्यास झाला. काहींचा डोळा काढला. इतरांच्या डोळ्याच्या पांढऱ्या आवरणावर किरणोत्सारी आयोडीन-१२५ बसवलेली सोन्याची छोटी चकती शिवली आणि काही दिवसांनी काढली. निष्कर्ष २००१ मध्ये आले. पाच वर्षांतल्या मृत्यूंच्या प्रमाणात दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता.

यावर कुणी म्हणेल, किरणांनी दृष्टिपटल खराब होऊन पुढे नजर जात असेल, तर डोळा राखून काय साधले? शंका रास्त आहे. पण म्हणूनच चकती काढल्यावरही तपासण्या, इंजेक्शने, लेझर हे काम वर्षानुवर्षे चालते. गाठ फार मोठी असेल, तर आजही डोळा काढावा लागतो. जीव वाचवणे पहिले, हा क्रम बदलत नाही. लहान मुलांच्या डोळ्यांत रेटिनोब्लास्टोमा हा वेगळा कर्करोग आढळतो; तिथेही हाच क्रम. बाळाच्या फोटोत डोळ्याची बाहुली पांढरी चमकली, तर ती त्याची खूण असू शकते; वाट न पाहता नेत्रतज्ज्ञांना दाखवा.