छोटे एंजिन ऐकावे कसे?



विहिरीवरचे डिझेल एंजिन धरेना, की जाणता माणूस आधी काय करतो? नुसता हँडल मारीत बसत नाही. डिझेल येते का, नळीत हवा धरली का, ते पाहतो. मुलांच्या नमुना-विमानाचे एंजिन मुठीत मावेल एवढे. पण त्यालाही हीच रीत लागू. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागात मुले अशी विमाने करतात, तेव्हा शिक्षकबंधूंनीही हे ऐकून ठेवावे.

या एंजिनाला मिथेनॉल लागते आणि त्यातच बहुधा एरंडेल मिसळलेले असते. वरच्या प्लगमध्ये प्लॅटिनमच्या तारेचे बारीक वेटोळे असते. दीड व्होल्टच्या बॅटरीने ते तापते. एंजिन चालू झाले की बॅटरी काढायची. तार मग आपली आपण तापलेली राहते. इंधन किती जावे हे एक सुई ठरविते. सुई आत फिरविली की इंधन कमी, बाहेर फिरविली की जास्त.

आता एंजिन लागत नाही, असे समजा. एका वेळी एकच गोष्ट तपासावी. प्लग काढून बॅटरी जोडा. वेटोळे लाल झाले नाही, तर दोष प्लगमध्ये किंवा बॅटरीत. वेटोळे लाल होते, पण एंजिन एकदा फटकारून थांबते? मग इंधन पोचत नाही. नळीला चीर असेल, नाहीतर सुईपाशी कचरा. पंखा फिरविताना मध्येच अडतो? आत इंधन तुंबले आहे. जोर कराल तर आतला दांडा वाकेल. बॅटरी सोडवा, प्लग काढा, एंजिन उलटे धरून पंखा फिरवा. इंधन निघून जाईल.

एंजिन लागले, की कान द्या. इंधन जास्त असेल, तर आवाज जड आणि घुरघुरता येतो. सुई थोडी थोडी आत घ्या. आवाज चढत जाऊन एकसारखा, तीक्ष्ण होतो. मोह होतो तो इथेच. एकदा मुलांच्या आग्रहाखातर मी सुई आणखी आत घेतली. विमान झोकात चढले, पण थोड्याच वेळात आवाज गळाला आणि ते शेजारच्या ज्वारीत उतरले. दट्ट्यावर चरे पडले होते. शाळेत एंजिन तेवढे एकच! मुले काही बोलली नाहीत, पण चूक माझी होती. या एंजिनाला वंगण मिळते ते इंधनातूनच. इंधन तोडले, म्हणजे तेलही तोडले.

म्हणून सर्वांत चढ्या आवाजापासून सुई जराशी मागे आणावी. मग विमान घट्ट धरून त्याचे नाक आकाशाकडे करावे. आवाज बसला, तर सुई आणखी थोडी बाहेर घ्यावी.

दोन गोष्टी मुलांना बजावून सांगा. फिरत्या पंख्याच्या रेषेत कोणी उभे राहायचे नाही; सुई फिरवायची ती पंख्याच्या मागून. आणि मिथेनॉल हे विष आहे, पोटात गेले तर दृष्टी जाते. उन्हात त्याची ज्योतही दिसत नाही. बाटलीचे झाकण घट्ट लावावे, कारण ते हवेतले पाणी ओढते. काम संपले, की टाकी रिकामी करून एंजिनात पातळ तेलाचे चार थेंब सोडावे.

एंजिन आपले दुखणे सांगत असते. हात लावण्याआधी ते ऐकायची सवय मुलांना लागली, तर पुढे विहिरीवरचे एंजिनही त्यांच्या हाती सुखरूप राहील.